काळे आंबाडे आणि उघडं फाटक

लान, काल दुपारी फाटकाची कडी पुन्हा वाजली.

दोनदा. एकदा हळू, एकदा जोरात. तू तशीच वाजवायचीस. पहिल्यांदा कुत्र्यासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी, असं तूच म्हणायचीस. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि अनवाणीच अंगणात गेले. फाटकापाशी कुणी नव्हतं. रस्त्यावर शनिवारच्या गाड्या कार्ल्याच्या लेण्यांच्या दिशेने तुंबून उभ्या होत्या. एका गाडीच्या काचेतून एक बाई कणीस खात माझ्याकडे बघत होती. तिला विचारणार होते, अहो, आत्ता इथून काळी छत्री घेतलेली एक ठेंगणी चिनी म्हातारी आत आली का? नाही विचारलं. म्हातारपणात एवढं तरी भान शिल्लक आहे.

फाटक सुनेने लावलेलं होतं. मी ते उघडलं आणि परत येऊन बसले.

तुला माती देऊन आल्यापासून आमच्या घरात हाच वाद आहे. मनीषा लावते, मी उघडते.

"आई, शेळ्यांनी माझी मोगऱ्याची रोपं खाल्ली."

"खाऊ देत. मोगराच आहे, सोनं नाही."

"पण फाटक उघडं ठेवता कशाला?"

"हवा येते."

"हवा काय फाटकातून येते का?"

मनीषा हुशार आहे, तुला ठाऊकच आहे. तिने रोपांभोवती काट्या तेवढ्या रोवल्या.

कडीचं एक सोड. वासाचं काय करू? आमची चूल बंद होऊन किती वर्षं झाली. तरी दुपार कलली की मागच्या खोलीतून तो वास येतो, तुसाच्या धुराचा, आंबूस, जिभेच्या कडेला पाणी सुटेल असा. मी आधी मनीषाला विचारलं, काही करपलं का गं? तिने गॅस बघितला, शेजारी डोकावून आली, मग माझ्या कपाळाला हात लावला. आता मी विचारत नाही. वास आला की डोळे मिटून बसते आणि म्हणते, आलीस? बस.

त्यात हा खोकला. दफनभूमीत तुझ्या खड्ड्याशी सगळे छत्र्या उघडून उभे होते आणि मी शहाणी माझी छत्री रिक्षात विसरून आले होते. श्रावणाची भुरभुर, भिजले, छाती भरली. मनीषा म्हणाली, "आई, लानमावशींचे ते काळे आंबाडे घ्या ना. बरणी आहे कपाटात."

मी फाडकन म्हणाले, "ओल्या खोकल्याला चालत नाहीत. आधी आतलं बाहेर येऊ दे."

आणि दचकले. आवाज माझा होता, पण बोलणं सगळं तुझं होतं. शेवटी जीभ टाळ्याला लावून 'टक्' करायची लकबसुद्धा.

आपली ओळख माझ्या येडेपणातून झाली, हे तू शेवटपर्यंत दिसेल त्याला सांगत राहिलीस. सांगू देते. मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये नवी सून. नवी म्हणजे इतकी की गजरा माळून भांडी घासायची. त्यात मॅट्रिक झालेली. मॅट्रिक झाल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. बाजारात तुझ्या वडिलांचा दातांचा दवाखाना, बाहेर पाटीवर रंगवलेली लालभडक हिरड्यांची कवळी. त्या कवळीला मी भ्यायचे. तू मागच्याच खोलीत राहायचीस. तुझा जन्म लोणावळ्याचा आणि मी आदल्या वर्षी आलेली. तरी पहिल्यांदा तुझ्याशी बोलले ती हातवारे करून, एकेक शब्द तोडून तोडून. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बहिरी आहेस का गं?"

सासूबाईंचं पोट तेव्हा कित्येक महिने चालत होतं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, अंगारा झाला. शेवटी तुझ्या आईने कागदाच्या पुडीत काहीतरी दिलं. काळं, सुरकुतलेलं, धुराचा वास मारणारं. तुमच्या मुलखातलं आलुबुखाराच्या जातीचं आंबट फळ, कच्चं असतानाच तोडून धुरावर काळं केलेलं. कलकत्त्याहून तुझा मामा पाठवायचा. जुनं पोट, जुना कोरडा खोकला, न भागणारी तहान, यांवर तुमचे वैद्य ते उकळून देतात, असं तू सासूबाईंना समजावून सांगितलंस. सासूबाईंनी पुडी वाटीत ओतली आणि वाटी फडताळात ठेवली.

मी ती वाटी पाहिली. काळं. सुरकुतलेलं. चाखलं तर आंबट. मॅट्रिक झालेल्या बाईला आणखी काय पुरावा लागतो? आमसुलं! वाटीच्या वाटी आमटीत रिकामी केली.

सासरे दोनदा मागून प्यायले. "आज आमटीला चुलीचा वास काय झ्याक लागलाय," म्हणाले. नवऱ्याने ओरपली. आणि मी, आपल्या हाताला काय चव आहे म्हणून स्वतःवरच खूश होऊन, तिसऱ्यांदा वाढून घेतली. संध्याकाळी सासूबाई फडताळाशी उभ्या राहून ओरडल्या, "आगं, माजं अवशिद कुटं गेलं?"

"कसलं औषध?"

"चिनी बाईनं दिल्यालं! काळं!"

मी आमटीच्या पातेल्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

सासूबाईंचं पोट थांबलं, हे खरं. पण थांबलं घरातल्या सगळ्यांचंच. रेल्वेतले दोन धडधाकट पुरुष रोज सकाळी टमरेल घेऊन जायचे आणि तसेच तोंड पाडून परत यायचे. सासरे म्हणाले, "सिग्नलच पडंना, गाडी काय करंल?" माझं स्वतःचं काय झालं ते मी लिहिणार नाही. मॅट्रिकची अब्रू आहे.

तुला सांगायला आले तर तू दवाखान्यातल्या दात काढायच्या खुर्चीत पडून हसलीस. पेशंट बिचारा गाल धरून उभा. मग तुझी आई आतून आली, काहीतरी बोलली आणि तू हसू पुसत मला मराठीत सांगितलंस, "आई म्हणते, आंबट दार लावतं. ज्याचं दार उघडंच राहिलंय त्याला द्यायचं. ज्याचं धड आहे त्याला दिलं तर तुमच्यासारखं होतं. आणि चोर घरात असताना तर मुळीच द्यायचं नाही. दार लावलंस की तो आतच राहील."

चोर म्हणजे ताजं दुखणं. ताप, भरलेली छाती, पोटात बिघडलेलं अन्न. आधी तो जाऊ द्यायचा, मग दार.

मला माहेरची आठवण येऊन तेव्हा सारखं रडू यायचं. मी चेष्टेत विचारलं, "आणि रडणं थांबत नसेल तर?"

तू चेष्टेत घेतलं नाहीस. "त्यालाही तेच. आत कोण आहे ते आधी बघ."

आत्ता हे लिहितानाही कडी वाजल्यासारखी वाटली. उठले नाही. शेळी असेल.

पुढे तुझा मामा गेला आणि कलकत्त्याच्या पुड्या बंद झाल्या. तू कासावीस झालीस. तुझ्या हाती आईकडून आलेलं तेवढंच तर होतं. तू कैरी धुरावर ठेवून पाहिलीस, तिचं चामडं झालं. आवळ्याचा दगड झाला. करवंदांची तर राखच. मग एका भाद्रपदात मी आमच्या कार्ल्याच्या शेतावरून आंबाडे आणले होते लोणच्याला. अंबाडीची भाजी नव्हे, बांधावरच्या झाडाचे हिरवे, लिंबाएवढे आंबाडे. तू एक दाताखाली धरलास. तुझे डोळे मिटले, नाक आक्रसलं, खांदे कानाला लागले. आणि त्याच अवस्थेत तू विचारलंस, "झाड कुठे आहे?"

तेव्हापासून दरवर्षी गणपती आले की आमच्या शेतावरच्या घरी तुझी वारी. लोणावळ्याहून लोकलने एकच स्टेशन, माळवली. तेवढ्यासाठीसुद्धा तू चपला काढून सीटवर मांडी घालायचीस. मग छत्री हातात, टोपली काखेत, फाटकाची कडी दोनदा. बांधावर तीन दगड मांडायचे, गिरणीतून आणलेलं भाताचं तूस त्यात घालायचं, ज्वाळ उठू द्यायची नाही, नुसता धूर. वर बांबूची विरळ विणीची टोपली, तीत आंबाडे. दिवसभर वरचे खाली, खालचे वर. हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी, सुरकुत्या पडल्या की टोपली उतरवून गोणपाटात गच्च झाकायची. काळेपणा झाकल्यावरच येतो, उघड्यावर नाही.

ती झाकायची वेळ तू मला कधी ठरवू दिली नाहीस.

"झाकू का?"

"नाही."

"आता?"

"शेव, तू धूर बघतेस. फळ बघ."

शेवंता म्हणायचा तुला कंटाळा. मला अख्ख्या मावळात शेव म्हणणारी तू एकटी. आता ते नाव घ्यायला कुणी नाही. मधूनच मी स्वतःला हाक मारून बघते, शेव. बरं वाटत नाही. दुसऱ्याचा दात आपल्या तोंडात बसवल्यासारखं वाटतं.

माझ्या नवऱ्याला एकदा ताप आणि खोकला चढला, तेव्हा तू बरणी पाठीमागे धरून दारात उभी राहिलीस. सासूबाई तुझ्या अंगावर धावल्या, "आगं दे की दोन! मरतंय की त्ये पोरगं!" तू म्हणालीस, "न्हाई काकू. आत चोर हाय. आधी डॉक्टरकडं न्या." छातीत पाणी निघालं. ते बरे होऊन घरी आल्यावर सासूबाईंनी तुला भाकरी आणि ठेचा पाठवला. तू ठेचा खाल्लास आणि म्हणालीस, "तिखट आहे. म्हणजे राग गेला."

माझ्या नातीला जंतांसाठी काढा द्यायचीस तेही आठवतं. जंत आंबट चाखले की गप्प बसतात, असं तुझं शास्त्र. नात म्हणाली, "मग ते आमच्या बाईंनापण दे ना, त्या लय बोलतात." आणि उन्हाळ्यात गूळ घालून केलेलं ते काळं सरबत. त्यातलं कशाने काय बरं झालं आणि काय आपोआप, देव जाणे. मी तपासायला गेले नाही. आमटीनंतर माझी हिंमतच नव्हती.

पण एक भांडण राहिलं, लान.

तू प्रत्येक वर्षी काळा आंबाडा चाखायचीस आणि म्हणायचीस, "चांगला झालाय. पण हे औषध नाही. औषधाची नक्कल आहे."

"नक्कल आहे तर दरवर्षी येतेस कशाला?"

"तुझी भाकरी खायला."

मला ते लागायचं. हसून घालवायचे, पण लागायचं. आमच्या बांधावरचं झाड, आमचं तूस, माझे डोळे धुराने लाल, आणि तुझं सगळं खरं तिकडे कुठेतरी, मी कधी न पाहिलेल्या झाडावर. मग मीही टोचायची. "तू तरी कुठे पाहिलंयस ते झाड? जन्म लोणावळ्याचा!"  तेवढ्यापुरती मी जिंकायची आणि घरी येऊन मला भाकरी गोड लागायची नाही.

गेल्या वर्षी तुझे हात थरथरत होते. तू खुर्चीवर बसलीस, मी चुलाण्याशी. दिवसभर ओरडत राहिलीस माझ्यावर. फक्त झाकायच्या वेळी ओरडली नाहीस. मी दोनदा मागे वळून पाहिलं. तू डोंगराकडे बघत होतीस. मी भीतभीत झाकलं. 

निघताना म्हणालीस, "पुढच्या वर्षी एकटीने धुरी लाव."

"का, मरायची घाई झालीय?"

"नाही गं. गुडघे."

फाटकाशी मी तुझी छत्री धरून ठेवली. म्हटलं, "एकदा खरं सांग. नक्कल की औषध?"

तू छत्री ओढून घेतलीस. "पुढच्या वर्षी सांगते."

तर मग फाटक उघडं का ठेवत होते, ते कळलं ना? तुझ्याकडून उत्तर यायचं होतं.

रोझी आली होती. तुझी लेक आता कॅनडात राहून आपल्या दोघींच्या दुप्पट झाली आहे, पण चालते अगदी तुझ्यासारखी, पाय आपटत. तिने तुझं लोणावळ्याचं घर आवरलं. तू पुढे काढलेल्या पार्लरच्या खुर्च्या कुणाला तरी दिल्या. ज्या खुर्चीत बसवून तू पहिल्यांदा माझ्या भुवया कोरल्यास आणि सासूबाईंनी मला "जळलं का काय?" विचारलं, तीही गेली. मग ती माझ्याकडे आली. आल्याआल्या म्हणाली, "मावशी, आईच्या हातची बरणी आहे का गं? घरात सगळं मिळालं, तेवढंच नाही."

आणि मी, या वयाची, नातवंडांची आजी, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "संपली बाई."

संपली नव्हती. तळाशी थोडे होते. मिठाच्या बरणीमागे लपवले होते मी, तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

रोझी ओसरीवर बसून रडली. रडायची थांबेना. मी घाईघाईने म्हटलं, "रडू नको. नवे धुरावर लावू. झाडाला लागलेत."

लावले. तीच जागा, तेच दगड. दोघी खोकत, डोळे चोळत. रोझीने दहा वेळा विचारलं, "झाकायचं?" आणि दहा वेळा मी 'टक्' केलं. "तू धूर बघतेस. फळ बघ." मला काय कळत होतं, कप्पाळ! दिवसभर मी नुसती तुझी सोंगं करत होते. ऊन डोंगरामागे गेलं, सुरकुत्या पडल्या, आता झाकलं नाही तर करपणार, आणि माझे हात गोणपाटाला लागेनात. रोझी म्हणाली, "मावशी?" मी म्हटलं, "थांब." कुणाची वाट बघतेय हे तिला कसं सांगू?

तेव्हा कडी वाजली. एकदा हळू, एकदा जोरात.

रोझीने मान वळवली. म्हणजे तिलाही ऐकू आलं.

"कोण आलं गं?"

"शेळी असेल."

"शेळी दोनदा वाजवते?"

फाटकात कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी टोपलीकडे पाहिलं. आणि लान, आयुष्यात पहिल्यांदा मला फळ दिसलं, धूर नाही. अंगठ्याने दाबलं, खड्डा तसाच राहिला. आम्ही झाकलं.

दोन दिवसांनी गोणपाट सोडलं तर आत मिट्ट काळोख झाला होता, एकसारखा. रोझीने एक तोंडात टाकला. डोळे मिटले, नाक आक्रसलं, खांदे कानाला. अगदी तू. मी दुसरीकडे बघितलं.

ती चघळत म्हणाली, "तिकडे आमच्या चिनी दुकानात मिळतात खरी फळं, त्या झाडाची. मी आईला दर वेळी म्हणायचे, पाठवते डबाभर. घेतलीच नाहीत तिने कधी."

"का?"

"म्हणायची, नको. ती नक्कल असते."

मी ओसरीच्या खांबाला धरून बसले. रोझीला वाटलं, खोकला आला.

बघितलंस? उत्तर मला द्यायचं सोडून लेकीकडे ठेवलंस, समुद्रापलीकडे. मरेपर्यंत माझ्यासमोर कबूल केलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही केलं नसतं.

रोझी काल सकाळी गेली. नवे काळे आंबाडे तिने साडीच्या तुकड्यात बांधून घेतले, तुझ्याच साडीच्या. रिक्षात बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "मावशी, ती संपलेली बरणी नीट झाकून ठेव. झाकण सैल आहे, हवा लागते."

रिक्षा रस्त्याला लागेपर्यंत मी तोंडावर पदर धरून उभी होते. हसत होते का रडत होते, मनीषाला विचार. ती बघत होती.

आज सकाळी मी बरणी काढली. एवढे दिवस मनीषाला नको म्हटलं ते तुझ्या नियमासाठी, आणि थोडं बरणी संपू नये म्हणूनही. खोकला अजून ओलाच आहे. छाती वाजते. घरात चोर आहे आणि आंबट घ्यायचं नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुझ्या हातचा, नाही, आपल्या दोघींच्या हातचा गेल्या वर्षीचा एक आंबाडा मी तोंडात टाकला. आधी धूर. मग आंबट, असं की कानशिलं दुखली. मग खूप उशिरा, बीपाशी, थोडंसं गोड. हे गोड तू कधी सांगितलं नव्हतंस. का तुलाही शेवटीच कळलं?

तसाच तोंडात ठेवून अंगणात गेले. फाटक ओढून घेतलं. कडी घातली आणि नीट बसलीय ना, ते हलवून पाहिलं.

मनीषा मोगऱ्याला पाणी घालत होती. पाइप हातात तसाच धरून बघत राहिली.

"आई, आज फाटक लावलंत?"

"हो," मी म्हटलं. "आता कुणी यायचं नाही. ती आत आहे."